दुधाला दोन तास

सासरे दूध आणायला निघाले की
व्हर्ना घड्याळाकडे नाही, कॅलेंडरकडे बघायची,
असं लाहेव्ह नदीच्या काठी अजून सांगतात.
दुकान चारशे पावलांवर.
पण मध्ये पोस्ट, पोस्टासमोर बाक,
बाकावर कुणीतरी असायचंच,
आणि नसलं तर हे बसायचे,
म्हणजे मग कुणीतरी यायचंच.

एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढली माणसाने.
बर्फाच्या वादळात तारा तुटल्या की
रात्री तीनला, बुटांना काटे बांधून, वर.
गावातल्या प्रत्येक घरात कधी ना कधी
वेंडेल झ्विकरमुळे दिवा परत आला होता,
आणि मग ते त्या घरात चहाला थांबले होते.
निवृत्तीनंतर दिवे दुसरं कुणी लावू लागलं.
चहा मात्र चालू राहिला.

मी जावई. मुळात अबोल.
पहिलं वर्षभर त्यांच्या स्वयंपाकघरात बसून
बशीतला केक संपवायचो आणि भिंतीवरच्या
भरती-ओहोटीच्या तक्त्याकडे बघायचो.
ते बोलत. हॅडक कसा आटला, कुणाची बोट कुणी घेतली,
पाद्रीबुवांची गाडी पुन्हा खड्ड्यातून कशी काढली.
मला वाटायचं, या माणसाला शांततेची भीती वाटते.
हे मी मार्जीपाशी एकदा बोललोही.
ती दोन दिवस बोलली नाही.

नोव्हेंबरात गेले.
मार्जीचे भाऊ हॅलिफॅक्सहून आले,
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत.
बायकांनी अंड्याचे सँडविच आणले, कडा कापलेले,
इतके, की त्या कडांवर नदीतली बदकं आठवडाभर जगली.
जो तो मला एक गोष्ट सांगत होता
आणि प्रत्येक गोष्टीत ते भलतीकडेच निघालेले,
वाटेत थांबलेले.
व्हर्ना दाराशी उभी, हातात त्यांची टोपी.
खुंटी शेजारीच होती. टोपी हातातच राहिली.

नाताळानंतर त्यांचा ट्रक विकायचं ठरलं.
डॅशबोर्डच्या कप्प्यात पावत्या, पेपरमिंटच्या गोळ्या
आणि एक वही, वाणसामानाच्या हिशेबाला असते तेवढी.
अक्षर शेवटी शेवटी खांबावरून घसरल्यासारखं.
"ओरिन: डावा गुडघा. उजवा नाही.
पोस्टातली मुलगी: डार्लीन. डार्लीन. डार्लीन.
हर्बी माइस्नरची बायको गेली, मेमध्ये. तिची खुशाली विचारू नये.
त्याचा कुत्रा: बटन."
पानामागून पान.
पहिली तारीख दोन वर्षांपूर्वीची.

म्हणजे नावं निसटू लागली होती
आणि हे कुणालाच, व्हर्नालासुद्धा, कळू न देता
ट्रकमध्ये बसून परीक्षेच्या पोरासारखी उजळणी करायचे,
आणि मग उतरायचे, दूध आणायला.

मीही होतो त्यात. मार्जीच्या खाली, कंसात नातं.
"एल्डन: याला बोलायला लावू नये. नुसतं शेजारी बसावं."

गेल्या उन्हाळ्यात धक्क्यावर
आम्ही पाऊण तास बसलो होतो, एक शब्द नाही.
केबलची फेरीबोट पलीकडे गेली, अलीकडे आली,
पुन्हा गेली.
मला वाटलं होतं, थकले म्हातारे.

ट्रक विकला नाही.
मार्जीला सांगितलं, भाव येत नाही.

काल दूध संपलं.
बाकावर ओरिन होता. मी मान हलवून पुढे गेलो,
चांगली पाच-सहा पावलं पुढे गेलो,
मग वळून विचारलं,
डावा ना?

"आता उजवासुद्धा," तो म्हणाला,
आणि जरा सरकला.